सोलापूरच्या आकाशातील किरणोत्सार : खडक, पाणी आणि हैदराबादचे फुगे

किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राने दाखवलेला आकडा जितका जागेचा असतो तितकाच उंचीचाही असतो. जमिनीतील खनिजांमधून निघणारे गॅमा किरण, म्हणजे क्ष-किरणांच्याच जातीचे पण बहुधा त्यांहून अधिक भेदक असे प्रारण, वर जाता जाता हवेत शोषले जातात. उलट अवकाशातून येणारे विश्वकिरण खाली येता येता हवेतच झिजतात. त्यामुळे जमिनीपासून वर नेलेल्या यंत्राचा आकडा आधी उतरतो, काहीशे मीटरांच्या पट्ट्यात तळ गाठतो, मग चढू लागतो आणि पंधरा-वीस किलोमीटरांवर शिखर गाठून पुन्हा थोडा खाली येतो. या वळणदार आलेखाच्या इतिहासात सोलापूर जिल्ह्याला जागा मिळाली ती एखाद्या प्रयोगशाळेमुळे किंवा शास्त्रज्ञामुळे नव्हे, तर पायाखालचा खडक, नकाशावरील अक्षांश आणि तीस किलोमीटरांवरचा वारा या तीन गोष्टींमुळे. तिन्ही गोष्टी माणसाच्या हातच्या नाहीत, आणि बहुधा म्हणूनच गावाच्या इतिहासात त्यांची नोंद सहसा होत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांपुढे एक साधा पण चिवट प्रश्न होता. बंद डब्यातील हवाही हळूहळू आयनित होते, म्हणजे तिच्यातील अणू-रेणूंवरचे इलेक्ट्रॉन सुटून ती किंचित विद्युतवाहक बनते, हे विद्युतदर्शक यंत्रांवरून कळले होते. पण त्यामागचे प्रारण नेमके कुठून येते याचा उलगडा झालेला नव्हता. रेडियमचा शोध नुकताच लागलेला असल्यामुळे ते जमिनीतूनच येत असणार असा सर्वसाधारण समज होता. तो खरा असता तर सुमारे ८० मीटर उंचीवर आकडा निम्मा व्हायला हवा होता आणि तीनशे मीटरांवर जवळजवळ काहीच उरायला नको होते. थिओडोर वुल्फ या जेसुइट धर्मगुरूने १९१० मध्ये स्वतः बनवलेले यंत्र पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर नेले तेव्हा आकडा निम्म्यापेक्षा थोडा वरच राहिला. इटलीच्या दोमेनिको पाचिनी यांनी उलटी दिशा धरली. १९११ मध्ये त्यांनी लिव्होर्नोजवळच्या समुद्रात तीन मीटर खोल यंत्र बुडवले, आणि तेथे आकडा सुमारे वीस टक्क्यांनी घटल्याचे दिसल्यावर किरणांचा एक हिस्सा पाण्याच्या वरून येतो असा निष्कर्ष काढला. पुढच्या वर्षी, ७ ऑगस्ट १९१२ रोजी, भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस हायड्रोजनच्या फुग्यातून पाच किलोमीटरांहून अधिक उंच गेले. सुरुवातीला आकडा घटला, मग वाढत गेला आणि पाच किलोमीटरांवर जमिनीवरील आकड्याच्या सुमारे दुप्पट झाला. या कामासाठी हेस यांना १९३६ चे नोबेल मिळाले. पाचिनी १९३४ मध्येच वारले होते. मात्र पाण्याचा उपयोग जमिनीचा आवाज बंद करणाऱ्या पडद्यासारखा करण्याची त्यांची युक्ती आजही अनेक हवाई सर्वेक्षणांत वापरली जाते.

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या लाव्ह्याच्या थरांवर, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेले आहे. जमिनीचा नैसर्गिक किरणोत्सार मुख्यतः तीन मूलद्रव्यांमुळे येतो : पोटॅशियम (त्याचा ४० अणुभाराचा प्रकार किरणोत्सारी असतो), युरेनियम आणि थोरियम. पृथ्वीच्या पोटातून थेट वर आलेल्या बेसॉल्टमध्ये या तिन्हींचे प्रमाण कमी असते. पोटॅशियम साधारण अर्धा टक्का आणि थोरियम दर दहा लाख भागांत एक-दोन भाग इतकेच. ग्रॅनाइटमध्ये मात्र पोटॅशियम तीन-चार टक्क्यांपर्यंत आणि थोरियम दहा लाखांत पंधरा-वीस भागांपर्यंत जाते. सोलापूरहून पूर्वेकडे सुमारे तीनशे किलोमीटरांवर हैदराबाद आहे. ते नेमके अशा प्राचीन ग्रॅनाइटवर उभे आहे, आणि तेथील उघड्या खडकांच्या राशी तर प्रवाशाला रेल्वेच्या खिडकीतूनच दिसतात. त्यामुळे हैदराबादच्या खडकावर जमिनीचा वाटा सोलापूरच्या खडकावरील वाट्याच्या कित्येक पट भरतो. सोलापूरकडच्या उघड्या माळावर उलट चित्र दिसते. तेथे आकाशातून येणाऱ्या किरणांचा वाटा जमिनीच्या वाट्याची बरोबरी करतो किंवा त्याच्या पुढेही जातो. हेस यांच्या आलेखातील सुरुवातीचा उतार हैदराबादवर खोल निघेल, सोलापूरवर उथळ निघेल, कारण जिथे मुळात फारसे काही नाही तिथे वर जाऊन उणे तरी काय होणार?

ग्रॅनाइट सोलापूरकडेही आहे, फक्त तो दिसत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे शास्त्रज्ञांनी खोल विंधण घेतले तेव्हा बेसॉल्टचा थर ३३८ मीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली मूळचा प्राचीन खडक लागला. किल्लारी सोलापूरपासून शंभर किलोमीटरांच्या आत आहे. गॅमा किरणांचा बहुतेक सगळा जोर अर्ध्या मीटर खडकात संपतो, हे लक्षात घेतले म्हणजे ३३८ मीटरांच्या झाकणाखाली काय दडले आहे याचा पत्ता वरच्या यंत्राला का लागत नाही ते सहज कळते. हवेतून वा जमिनीवरून घेतलेले किरणोत्साराचे मापन भूमीच्या कातडीपुरतेच खरे असते. तिच्या पोटात काय आहे हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

पाण्याची गोष्ट निराळी आहे. किरणोत्सारी सीझियम-१३७ मधून निघणाऱ्या गॅमा किरणांचा जोर हवेत निम्मा व्हायला सत्तर-ऐंशी मीटर लागतात, तर पाण्यात त्यासाठी सुमारे आठ सेंटीमीटरच पुरतात. तळ्याच्या तळाशी कितीही चिखल-गाळ असला तरी मीटरभर पाण्यावरून तो यंत्राला जवळजवळ अदृश्य असतो. भीमेवरील उजनी धरणाचा १९८० मध्ये पुरा झालेला विस्तीर्ण जलाशय, एकोणिसाव्या शतकात बांधलेला एकरूखचा म्हणजे हिप्परग्याचा तलाव, फार काय सोलापूरच्या किल्ल्यालगतचा सिद्धेश्वर तलावसुद्धा किरणोत्साराच्या नकाशावर काळ्या ठिपक्यांसारखा उठून दिसेल, कारण तिथे जमिनीचा वाटा जवळपास शून्य होऊन फक्त आकाशाचा वाटा, हवेतील रेडॉन वायूचा अंश आणि यंत्राचा स्वतःचा अंगभूत आकडा उरतो. सर्वेक्षणाची विमाने म्हणूनच काम सुरू करण्यापूर्वी मोठ्या जलाशयावरून एक फेरी घेतात. पाण्यावर मिळालेला आकडा पुढे जमिनीवरील प्रत्येक आकड्यातून वजा करतात आणि मगच नकाशा काढतात. पाणी खरेच दूषित असेल तेव्हा हाच गुण अडचण ठरतो. पाण्यात विरघळलेल्या किरणोत्सारी द्रव्याचा फार तर वरच्या वीत-दोन वीत थरातील भाग विमानाला कळतो, आणि त्याखालचे जाणून घ्यायचे तर बाटल्या भरून नमुने घेण्याला पर्याय नसतो.

आकाशाचा वाटा सर्वत्र सारखा नसतो हे १९२७ मध्ये जेकब क्ले या डच शास्त्रज्ञाला जावा आणि हॉलंड यांच्या दरम्यानच्या बोटीवर लक्षात आले. विषुववृत्ताकडे जाताना विश्वकिरण कमी होत होते. पुढे १९३०च्या दशकात आर्थर कॉम्प्टन यांच्या जगभरच्या मोजण्यांनी त्याचे कारण पक्के केले : विश्वकिरण हे बहुतांशी विद्युतभारित कण असून पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना परतवून लावते, आणि हा अडसर चुंबकीय विषुववृत्तावर सर्वांत कडक असतो. ते चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. दख्खनवर अवकाशातून उभा खाली येऊ पाहणाऱ्या प्रोटॉनला सुमारे १७ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा असल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. मध्य युरोपात याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याने भागते, आणि ध्रुवांजवळ हा अडसर उरतच नाही. सोलापूरचे आकाश म्हणजे किरणोत्साराच्या दृष्टीने वरूनही राखलेले आकाश आहे. खाली मुका बेसॉल्ट आणि वर चुंबकीय पहारा असा योग भूगोलावर फार थोड्या ठिकाणी जुळतो, आणि पुढे जे घडले त्यात यातल्या चुंबकीय पहाऱ्याचा मोठा वाटा होता.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन १९३९-४० च्या हिवाळ्यात सहकाऱ्यांसह भारतात आले आणि त्यांनी पेशावर, आग्रा व बंगलोर येथून फुगे सोडून वेगवेगळ्या अक्षांशांवरील विश्वकिरण मोजले. त्याच सुमारास युद्धामुळे भारतातच अडकून पडलेले होमी भाभा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले होते. त्यांनी गायगर गणकांचा संच, म्हणजे कण आत शिरला की विजेचा एक ठोका देणाऱ्या नळ्यांची जुळणी, युद्धकाळात विमानात बसवून सुमारे तीस हजार फुटांवर नेला आणि तेथील मोजमापांची तुलना उत्तर अमेरिकेतील मोजमापांशी केली. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगलोरात स्थापन झाली आणि त्याच वर्षअखेरीस मुंबईत आली. भाभांच्या विषयपत्रिकेवर विश्वकिरण पहिल्या दिवसापासून होते, पण विमान ज्या उंचीपर्यंत पोचते तिथे आलेखाचे शिखरही येत नाही. एरिक रेगेनर आणि जॉर्ज फोत्सर या जर्मन शास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात फुग्यांवरून दाखवून दिले होते की सर्वाधिक आकडा पंधरा ते पंचवीस किलोमीटरांच्या पट्ट्यात येतो. अवकाशातून आलेला कण हवेच्या अणूंवर आदळून अनेक दुय्यम कण जन्माला घालतो, ते आणखी कण घडवतात, आणि हा पसारा तिथेच सर्वांत दाट असतो. त्याच्या वर हवा विरळ असल्याने दुय्यम कण थोडे, आणि खाली हवेनेच ते गिळलेले. त्या शिखराच्या वर जायचे तर फुग्याला पर्याय नव्हता, आणि रबरी फुग्यांच्या झुंबरांना वजन पेलेना म्हणून पॉलिथिनचे फुगे आले.

हे फुगे टाटा संस्थेने १९५०च्या दशकाच्या अखेरीस हैदराबादहून सोडायला सुरुवात केली, आणि १९७०च्या सुमारास तेथे कायमचे केंद्र उभे राहिले. जागेची निवड विचारपूर्वक झालेली होती. हैदराबादचे चुंबकीय स्थान असे की विश्वकिरणांचा गोंगाट कमी मिळतो. त्यामुळे दूरच्या ताऱ्यांकडून येणारे क्षीण क्ष-किरण वेगळे ऐकू येतात, आणि १९६८ पासून तेथून क्ष-किरण खगोलशास्त्राची उड्डाणे झाली ती या कारणाने. दुसरे कारण अगदी जमिनीवरचे आहे. हैदराबाद द्वीपकल्पाच्या मध्यात असल्याने फुगा पूर्वेकडे वाहत गेला काय किंवा पश्चिमेकडे गेला काय, समुद्र गाठण्यापूर्वी यंत्रे खाली उतरवायला दोनशे-तीनशे किलोमीटरांची कोरडी जमीन मिळते. पूर्वेला ती विशाखापट्टणमच्या दिशेने पसरते आणि पश्चिमेला तिचे नाव सोलापूर. पुढे सह्याद्री, कोकण आणि अरबी समुद्र. तिथे हरवलेली पेटी मिळण्याची आशा कमीच.

टाटा संस्थेकडून उड्डाणांच्या हंगामाआधी जी जाहीर सूचना निघते तिच्यात ही भूमिती सरळ शब्दांत येते : यंत्रे हैदराबादपासून साधारण २०० ते ३५० किलोमीटरांच्या टापूत, विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या रेषेच्या आसपास उतरू शकतात. पुढे जिल्ह्यांची यादी असते आणि तीत महाराष्ट्रातील सोलापूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), लातूर, बीड, नांदेड अशी नावे असतात. फुगा हायड्रोजनने भरलेला असतो, त्याची फिल्म अतिशय पातळ पॉलिथिनची असते, आणि वर जाताना बाहेरचा दाब कमी होत गेल्यामुळे तो फुगून त्याचा व्यास पन्नास मीटरांच्याही पुढे जातो. काम आटोपले की जमिनीवरून रेडिओ संदेश जातो, दोर तुटतो, फुगा फाटतो आणि यंत्रांची पेटी रंगीत छत्रीखाली, लांब दोराला लटकत, खाली येते. सूचनेतील पुढचा भाग सोलापूर-धाराशिवच्या शेतकऱ्याला उद्देशून आहे असेच वाटावे : पेटी निरुपद्रवी आहे, पण तिच्यातील काही भागांत उच्च दाबाची वीज असू शकते, ती उघडू किंवा हलवू नये, जवळच्या पोलिसांना कळवावे, शास्त्रज्ञ येऊन ती घेऊन जातील, आणि कळवणाऱ्याला बक्षीस व झालेला खर्च मिळेल. सुटे भाग पळवले गेल्यास मोजणीची सगळी माहिती वाया जाते, हेही त्यात बजावलेले असते.

हंगाम मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे जवळपास रब्बीचाच. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या काळ्या रानात तेव्हा ज्वारी ताटाला ताट लागून उभी असते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीची धांदल असते. अशा रानात वीस-तीस मीटर दोराची पेटी आली तर ताटे मोडणार आणि बघ्यांची गर्दी त्याहून अधिक मोडणार, हे उघड आहे. विज्ञानाच्या इतिहासात फुगा सोडणाऱ्यांची नावे लिहिली जातात. फुगा ज्याच्या बांधावर उतरतो त्याचे नाव तिथे कोणीच लिहीत नाही. तरी या प्रयोगांतली निम्मी जबाबदारी त्याच्याच शिरावर असते, कारण जुन्या पद्धतीत विश्वकिरणांच्या खुणा ज्या छायाचित्रण-काचांवर उमटत त्या हाती आल्याशिवाय प्रयोग झाला असे म्हणताच येत नसे.

हैदराबादहून गेलेल्या फुग्यांपैकी एका प्रयोगाचा धागा मराठी वाचकाला परिचित आहे. जानेवारी २००१ मध्ये पुण्याच्या आयुका संस्थेचे जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने एका फुग्यासोबत थंड केलेली पोलादी नळकांडी वर पाठवून ४१ किलोमीटरांपर्यंतच्या हवेचे नमुने आणले गेले. त्या नमुन्यांत सूक्ष्मजीव आढळले. एप्रिल २००५ मधील दुसऱ्या उड्डाणात अतिनील किरणांना दाद न देणाऱ्या तीन नव्या जिवाणूंच्या जाती मिळाल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. ते जीव खालून वर गेले की वरून खाली आले, यावर वाद झाला आणि तो आजही मिटलेला नाही.

किरणोत्साराचा तिसरा उगम, माणसाने निर्माण केलेला, याच आकाशातून १९५०च्या दशकात भारतावर उतरू लागला. मोठ्या हायड्रोजन बॉम्बचा धुराळा स्थितांबरात, म्हणजे पाऊस-ढगांच्या वरच्या शांत थरात जाऊन महिनोन्‌महिने तरंगतो आणि हळूहळू खाली झिरपतो. त्या काळात दूषित जमिनीच्या उलट परिस्थिती असते, वर आकडा जास्त आणि खाली कमी. १९५६ मध्ये केंद्र सरकारने अणुस्फोटांचे परिणाम सांगणारा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांच्या या कामात भाभांबरोबर मुंबईचे ख्यातनाम विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांचाही सहभाग होता. त्याच काळात टाटा संस्थेत बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल आणि सहकारी पावसाच्या पाण्यात बेरिलियम-७ शोधत होते. विश्वकिरण हवेच्या अणूंवर आदळल्याने उंचावर तयार होणारे आणि ५३ दिवसांत निम्मे उरणारे हे मूलद्रव्य धुळीला चिकटून पावसाबरोबर खाली येते. वरच्या हवेचे खाली येणे त्यावरून मोजता येते, आणि बॉम्बची राख कधी, कशी उतरेल याचा अंदाजही त्याच वाटेने बांधता येतो. सोलापुरासारख्या कमी पावसाच्या टापूत असा अवपात कमीच पडणार, कारण त्याला खाली आणणारा मुख्य हमाल पाऊसच आहे.

किरणोत्साराने जमीन दूषित झाली की हिशेब पुन्हा वुल्फच्या मनोऱ्याकडे येतो. सीझियमने दूषित पठारावर शंभर मीटर उंचीवर आकडा जमिनीवरच्या सुमारे निम्मा होतो आणि तीनशे मीटरांवर साधारण दहावा भाग उरतो. वर जाताना आणखी एक बदल होतो. यंत्राला पायाखालची एकच जागा न दिसता उंचीच्या काही पट त्रिज्येच्या वर्तुळाची सरासरी दिसते, म्हणून लहान पण जहाल ठिपका सौम्य भासतो. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या अपघातानंतर अमेरिकी व जपानी विमानांनी दीडशे-तीनशे मीटरांवरून केलेल्या मोजण्या म्हणूनच जमिनीपासून एक मीटर उंचीच्या आकड्यांत रूपांतरित करून छापल्या गेल्या. नकाशावर दिसलेले आकडे विमानाचे नव्हते, हे तेव्हा अनेक वाचकांच्या लक्षात आले नसावे.

भारतात हवेतून मोजणी मुख्यतः युरेनियमच्या शोधासाठी झाली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या आणि पुढे हैदराबादला मुख्यालय नेलेल्या अणुखनिज संस्थेने १९५०च्या दशकाच्या मध्यापासून विमानातून गॅमा किरणांचे सर्वेक्षण सुरू केले. सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण कडेने वाहणारी भीमा कर्नाटकात उतरून पुढे गेल्यावर बेसॉल्ट संपतो आणि चुनखडीचा पट्टा सुरू होतो. सोलापूरच्या जुन्या घरांत अंथरलेली शहाबादी फरशी याच पट्ट्यातली. या चुनखडीच्या आणि खालच्या ग्रॅनाइटच्या सांध्यावर, यादगीर जिल्ह्यातील गोगी येथे, भंगाच्या म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या रेषेलगत, नव्वदच्या दशकात युरेनियम सापडले. ते जमिनीखाली दडलेले असल्यामुळे त्याचा साठा ठरवायला विमानाचा उपयोग मर्यादित होता. त्यासाठी विंधणे घ्यावी लागली, आणि प्रत्येक विंधणात यंत्र दोराने खाली सोडून खोलीगणिक आकडा नोंदवावा लागला.